कोकणातला सदाहरित नेचा: लागवड आणि निगा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडवीत टांगलेल्या आणि विहिरीकाठी पसरलेल्या नेच्यांबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे किनारपट्टीच्या अनुभवाची आहेत. पुण्याच्या कोरड्या हवेत यातली काही जशीच्या तशी चालणार नाहीत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेक उत्तरे तिथेच येऊन मिळतात. आपल्याकडे पावसात नेचा कुणाच्याही हाताला लागतो. त्याची खरी निगा होळीपासून मिरगापर्यंतच्या तीन महिन्यांत करायची असते.

१. नेचा आणि फर्न एकच का? याला फूल कधी येते?

एकच. मराठीत नेचा, रोपवाटिकेत फर्न. फूल कधीच येत नाही आणि बीही धरत नाही. नेचे पृथ्वीवर सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी आले, फुलझाडांच्या कितीतरी आधी. पानामागे धुळीसारखे बीजाणू तयार होतात, त्यांच्यावर वंश चालतो. इथे ज्या नेच्याबद्दल लिहिले आहे तो नेफ्रोलेपिस: लांब पात्यासारखे पान, मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना दातांसारख्या पर्णिका. 'अस्पॅरॅगस फर्न' या नावाने मिळणारे बारीक सुयांचे झाड मात्र नेचा नव्हे. ते शतावरीचे भावंड आहे, त्याला फुले आणि लाल फळेही येतात.

२. आमच्या गडग्यावर पावसात कितीतरी नेचे उगवतात, पण दिवाळीनंतर वाळून जातात. मग हा वर्षभर हिरवा कसा राहतो?

गडग्यावर येणारे बरेचसे नेचे पावसाचे पाहुणे असतात. काळ्या काडीचा नाजूक हंसराज जांभ्याच्या फटीत मृगात डोळे उघडतो आणि थंडी पडेपर्यंत दिसेनासा होतो. आंब्या-फणसाच्या खोडावर वाढणारा बाशिंग नावाचा नेचा त्याहून हुशार आहे. त्याची खालची छोटी, ओकच्या पानासारखी पाने तपकिरी होऊनही झडत नाहीत. ती पालापाचोळा अडवून धरतात आणि तोच त्याचा पुढच्या वर्षीचा खतखड्डा होतो. वरची मोठी हिरवी पाने मात्र उन्हाळ्यात गळतात. हे मरण नव्हे, झोप आहे. अशा नेच्याला वाळला म्हणून खरवडून काढू नका, पावसात तो परत येतो.

नेफ्रोलेपिसला अशी झोप माहीत नाही. त्याची पाने एकदम झडत नाहीत, एकेक करून पिवळी पडतात आणि मधून नव्या गुंडाळ्या उलगडत राहतात. पानाचे टोकही बराच काळ वाढत असते, म्हणून जुन्या पानाच्या टोकाला कोवळी पोपटी गुंडाळी दिसते. पण झोप नाही म्हणजे सुटीही नाही. बाशिंगाला मे महिन्यात पाणी मिळाले नाही तरी चालते, याला चालत नाही. 'सदाहरित' या शब्दामागे मुळाशी ओल असण्याची अट आहे.

३. रोपवाटिकेत 'बोस्टन' म्हणून देतात तो घेऊ, की शेजारच्या काकूंकडचा गावठी?

काकूंकडचा घ्या, निदान पहिला तरी. बोस्टन हा नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटा या अमेरिकेच्या उष्ण भागातल्या नेच्याचा प्रकार. १८९४ मध्ये फिलाडेल्फियाहून बोस्टनच्या बाजूला गेलेल्या रोपांत तो वेगळा, झुकत्या पानांचा म्हणून ओळखला गेला. टांगलेल्या कुंडीत तो फार देखणा दिसतो, पण कोरड्या वाऱ्यात पर्णिका पटकन गाळतो.

गावठी म्हणून हातोहात फिरतो तो बहुतेक वेळा नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया असतो. हा आशियातलाच, पाने जास्त ताठ आणि पर्णिका दाट. ओळख पटवायची तर मुळाशी थोडी माती उकरा. तारेसारख्या धावत्या मुळ्यांवर वाटाण्यापासून सुपारीएवढे, तपकिरी लव असलेले गोळे दिसले तर हाच. त्या गोळ्यांत पाणी साठते, बोस्टनला ते नसतात. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकले तर गावठी सावरतो, तो याच शिदोरीवर. मात्र तो पसरतोही जोरात, फ्लोरिडात तर तो उपद्रवी म्हणून नोंदलेला आहे. जंगलाच्या किंवा ओढ्याच्या कडेला तो टाकून देऊ नका.

४. कुठे लावू? घराला पूर्वेचे अंगण आहे आणि मागे परस.

जागा पावसाळ्यात ठरवू नका. जूनमध्ये सगळीच जागा चांगली दिसते. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी दोन वाजता घराभोवती अनवाणी एक फेरी मारा. जिथे पाय भाजत नाहीत, माती हाताला गार लागते आणि तरीही पुस्तक वाचण्याइतका उजेड आहे, ती नेच्याची जागा.

बहुतेक कोकणी घरांत अशा जागा ठरलेल्या असतात. उत्तरेची वळचण, विहिरीचा काठ, मोरीचे पाणी परसात जाते त्या पाटाची कड (साबण-सोड्याचे पाणी थेट मुळाशी नको), नारळी-पोफळीच्या आगरातली दाट सावली. आगरात शिंपणे चालूच असते, त्यामुळे तिथला नेचा वेगळी निगा मागत नाही. सकाळचे कोवळे ऊन चालते, आवडतेही. पूर्वेचे अंगण दहापर्यंतच तापत असेल तर तिथेही लावा. पश्चिमेचे ऊन मात्र टाळा, त्यात पाने आधी फिकट आणि मग करपलेली दिसतात. अगदी दुसरी जागाच नसेल तर ७५ टक्क्यांची शेडनेट किंवा नारळाच्या झापांचा छोटा मांडव करा. झापांखालची हवा शेडनेटखालच्या हवेपेक्षा गार राहते असे मला दरवर्षी जाणवते.

५. लावायची योग्य वेळ कोणती?

मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडून जमीन निवाली की. जुलैच्या मुसळधारेत नवे रोप कुजते. जून हुकला तर गणपतीनंतर, पाऊस ओसरताना लावा. फेब्रुवारीनंतर लावू नका.

६. जांभ्याची लाल माती चालेल का? कुंडीत काय भरू?

जमिनीत चालते. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि नेच्याला तशीच हवी. फक्त ती पाणी धरत नाही, म्हणून खड्ड्यात कुजलेला पालापाचोळा सढळ हाताने घाला. कुंडीत नुसती लाल माती भरली तर उन्हाळ्यात तिची वीट होते. मी दोन भाग पालापाचोळ्याचे खत, एक भाग माती, एक भाग नारळाच्या सोडणांचा (वरच्या सालींचा) चुरा आणि तळाशी जांभ्याचे खडे असे भरते. फणसाच्या-आंब्याच्या पानांचे खत वर्षभर कुजलेले हवे.

सोडणांच्या चुऱ्याबद्दल एक इशारा. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांत मीठ असते. एका वर्षी मी विकतचा चुरा न धुता वापरला आणि दहा-बारा रोपांची टोके पंधरा दिवसांत काळी पडली. तेव्हापासून चुरा गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवते, रोज पाणी बदलते आणि मगच वापरते. चुरा घरचा असो वा विकतचा, हे करा. आणि लावताना गड्ड्याचा मधला कोंब मातीत पुरू नका, तो मातीच्या बरोबरीने हवा.

७. पाणी किती आणि कधी?

ऋतूप्रमाणे. पावसात उघड्यावरच्या नेच्याला काही नको. वळचणीखाली, जिथे पागोळ्यांचे पाणी पोहोचत नाही, तिथल्या कुंड्या मात्र भर आषाढात कोरड्या पडतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हिवाळ्यात दिवसाआड पाणी पुरते. मार्चपासून रोज आणि मे महिन्यात टांगलेल्या कुंड्यांना दोनदा.

बोट दोन पेरे मातीत घाला: ओल लागली तर थांबा, नाहीतर भरपूर पाणी घाला. टांगलेल्या कुंडीची माती एकदा आक्रसली की वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते आणि मूळ कोरडेच राहते. अशी कुंडी बादलीत बुडवून ठेवा आणि बुडबुडे थांबले की काढा. उन्हाळ्यात छोटी कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली तर पाण्याची एक खेप वाचते. पाने रोज फवारून भिजवण्याची सवय लावू नका. किनाऱ्यावर हवेत दमटपणा पुरेसा असतो, कमी पडते ते मुळाशी.

८. पानांची टोके तपकिरी होतात. पाणी तर रोज घालतो.

कोणते पाणी घालता ते पाहा. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. माणूस ते पाणी चवीवरून ओळखतो, नेचा टोकांवरून सांगतो. जिभेला खारट लागले तर नेच्याला ते देऊ नका. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी गोड्या पाण्याचे असेल तर तेच वापरा. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरली असेल तर क्षार साठले आहेत. पहिल्या चांगल्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवून धुऊन निघू द्या.

विहीर गोडी असेल तर दुसरा संशय वाऱ्यावर घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीकडून मतलई वारे येतात, ते कोरडे असतात. पूर्वेला उघड्या पडवीतल्या नेच्यांची टोके तेव्हाच वाळतात. तिसरे कारण जास्तीचे खत (प्रश्न ११). वाळलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत. पान निम्म्याहून जास्त गेले असेल तर बुडापासून कापा.

९. घर अगदी समुद्रासमोर आहे. नेचा जगेल का?

घराच्या आडोशाला जगेल, समुद्राच्या तोंडावर नाही. खारे वारे पानांवर मिठाचा थर ठेवतात. मार्च ते मे आठवड्यातून एकदा संध्याकाळी पाने गोड्या पाण्याने धुवा आणि समुद्राच्या बाजूला उंडी किंवा केवड्याचा आडोसा असू द्या.

मीठ सहन करणारा नेचा कोकणात आहे. खाडीकाठच्या कांदळवनात माणसाच्या उंचीचे, जाड चकचकीत पानांचे झुडूप दिसते, ते अ‍ॅक्रोस्टिकम ऑरियम. त्याच्या वरच्या पर्णिकांची मागची बाजू बीजाणूंनी पूर्ण तांबूस झालेली असते. पण तो तिथेच शोभतो. कांदळवनांना संरक्षण आहे, तिथून काहीही उपटून आणू नका.

१०. पानामागे ओळीने तपकिरी ठिपके आले आहेत. कोणते औषध मारू?

कोणतेही नको! सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि लोकांनी औषध मारून चांगली पाने घालवल्यावर येतो, म्हणून वाईट वाटते. ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पुंजक्या. प्रत्येक पर्णिकेवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, शिवणीच्या टाक्यांसारख्या त्या बसलेल्या असतात. ते झाड पूर्ण वाढल्याचे लक्षण आहे.

खवले कीड निराळी. तिचे ठिपके वेडेवाकडे, काडीवरही असतात आणि नखाने खरवडले की निघून येतात, खाली चिकटपणा लागतो. एवढी एक तपासणी करा आणि मगच पुढचे पाहा (प्रश्न १२).

११. खत कोणते?

थोडे आणि पातळ. जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, किंवा दहापट पाण्यात पातळ केलेले जीवामृत. ताजे शेण नको. विद्राव्य १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) वापरायचे तर लिटरला एक ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि तेही ओल्या मातीत. उन्हाळ्यात खत बंद.

१२. गोगलगायी कोवळ्या गुंडाळ्या खाऊन टाकतात. आणि खवले कीड आली तर?

रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचणे हा खात्रीचा उपाय आहे. ओले गोणपाट कुंडीजवळ टाकले तर सकाळी त्याखाली जमा झालेल्या मिळतात. मीठ टाकू नका, गोगलगायीबरोबर नेचाही जातो. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने, साबणाच्या सौम्य पाण्याने घासून काढा आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. फार पसरले असेल तर पाने बुडापासून कापून टाका, गड्डा नवी पाने देतो.

नेच्याचे कोवळे पान औषधांना नाजूक असते. निंबतेलही आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट पाहा. आंब्याला मोहोरावर किंवा पोफळीला पावसाआधी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारणार असाल तर खालचे नेचे तेवढ्या वेळापुरते झाकून ठेवा.

१३. श्रावणात मधला कोंबच काळा पडून कुजला. वाचेल का?

गड्ड्याचा कुजका भाग वास येणारा आणि मऊ असतो. तो धारदार सुरीने साफ कापा. कडक, आत पांढरट-हिरवा भाग राहिला तर खडीमिश्रित नव्या मातीत लावून छपराखाली ठेवा. अशा कुंड्यांत जवळजवळ नेहमी तळाचे भोक बुजलेले सापडते. मे अखेरीस सगळ्या कुंड्यांची भोके काडी घालून मोकळी करा आणि खालच्या ताटल्या काढून ठेवा.

१४. एकाची अनेक रोपे कशी करू? बीजाणूंपासून जमते का?

सोपा मार्ग धावत्या मुळ्यांचा. मूळ झाडापासून तारेसारखी मुळी निघते आणि टेकेल तिथे पिल्लू धरते. पिल्लाला चार-पाच पाने झाली की मुळी कापून वेगळे लावा. मोठा गड्डा जूनमध्ये कोयत्याने दोन-तीन तुकडे करून विभागा. प्रत्येक तुकड्याला कोंब आणि मुळे दोन्ही हवीत. दोन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च भरतेच, तेव्हा हे करावेच लागते.

बीजाणूंचा मार्ग सावकाश आहे, पण एकदा तरी करून पाहावा असा. जांभ्याचा विटेएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाकून निर्जंतुक करा, गार झाल्यावर बशीत थोड्या पाण्यात उभा ठेवा. पिकलेले पान कागदावर उपडे ठेवले की दोन दिवसांत तपकिरी भुकटी पडते. ती दगडावर हलकेच झटका आणि वर काचेची बरणी पालथी घाला. काही आठवड्यांनी दगड हिरवा होतो आणि नखाएवढी हृदयाच्या आकाराची पापुद्र्यासारखी रोपे दिसतात. त्यांच्यावर पाण्याचा थर असल्याशिवाय पुढची पिढी तयार होत नाही, कारण नराची पेशी पाण्यातून पोहत मादीकडे जाते. म्हणूनच नेचे ओल सोडून राहत नाहीत. पहिले खरे पान दिसायला तीन ते सहा महिने लागतात. बोस्टनवर हा प्रयोग करू नका, त्याचे बीजाणू वांझ असतात. त्याची रोपे विभागणीनेच होतात.

१५. आम्ही मुंबईला असतो. घर शिमग्याला आणि गणपतीला उघडते. नेचा लावण्यात अर्थ आहे का?

आहे, पण कुंडीत नाही. कुंडीतला नेचा बंद घरात मे पाहत नाही. गावठी जात (प्रश्न ३) जमिनीत, विहिरीजवळ किंवा उत्तरेच्या वळचणीला लावा. लावताना दोन फूट रुंद पट्टा खणून पालापाचोळा भरा. शिमग्याला याल तेव्हा भोवती सोडणे पालथी अंथरा, त्यावर पानांचा वीतभर थर द्या आणि निघायच्या आदल्या दिवशी पोटभर पाणी घाला. मे अखेरीस तो पिंगट आणि अर्धा वाळलेला दिसेल. शेजाऱ्यांना तो उपटू नका असे सांगून ठेवा. गोळ्यांतल्या पाण्यावर तो मृग गाठतो आणि गणपतीला घर उघडाल तेव्हा हिरवा असतो. पहिले वर्ष मात्र कुणीतरी आठवड्यातून दोनदा पाणी घालायला हवे, तेवढे ठरवूनच लावा.

१६. गणपतीच्या आराशीसाठी पाने कापली तर झाडाला त्रास होतो का?

एका झाडाची तिसरा हिस्सा पाने कापली तरी भाद्रपदात ती भरून येतात. बाहेरची, पूर्ण उलगडलेली पाने सकाळी कापा आणि तासभर पाण्यात बुडवून ठेवा, मग ती दीड दिवस सहज टिकतात. पाच दिवसांसाठी देठ पाण्यात राहतील अशी योजना करा. पिकलेल्या बीजाणूंची पाने पांढऱ्या कापडावर ठेवू नका, डाग पडतात.

१७. आजी म्हणते नेच्यात साप येतात. खरे का?

आजीचे म्हणणे उडवून लावू नका. सापाला नेचा हवा नसतो, पण दाट ओल्या झुडपात बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. फुरशाला तर कातळ आणि दगडांच्या फटी जास्त आवडतात, म्हणजे धोका गडग्याच्या मोकळ्या दगडांत अधिक. तरी दारापासून आणि चालायच्या वाटेपासून तीन-चार फूट अंतर ठेवूनच जमिनीवरचा नेचा वाढवा, बुडातली वाळकी पाने काढत राहा आणि हात घालण्याआधी काठीने हलवा. दाराशी टांगलेली कुंडीच बरी. दंश झालाच तर वेळ न घालवता प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.

१८. विहिरीच्या आणि घराच्या भिंतीतून नेचा उगवला आहे. भिंत फुटेल का?

नेच्याची मुळे बारीक असतात, चिरा फोडण्याची ताकद त्यांत नाही. ती ताकद पिंपळ, वड, उंबर यांच्या रोपांत असते आणि ती रोपे अनेकदा नेच्याच्या ओल्या गादीत लपून वाढतात. म्हणून दर मे महिन्यात, विहीर उपसताना, नेचा बाजूला सारून आत पाहा आणि ती रोपे मुळासकट काढा. राहत्या घराच्या भिंतीतला नेचा मात्र काढा, तो ओल धरून ठेवतो.

१९. कोवळ्या गुंडाळ्यांची भाजी करतात म्हणे. आणि मांजर पाने चावते.

काही वेगळ्या नेच्यांच्या कोंबांची भाजी काही भागांत होते. नेच्यांत विषारी जातीही आहेत आणि ओळखीत चूक होते, म्हणून बागेतला नेचा खाऊ नका. मांजराची काळजी नको. बोस्टन नेचा मांजर-कुत्र्यांना विषारी नाही. अस्पॅरॅगस मात्र त्यांच्यापासून दूर ठेवा.

२०. फर्नमुळे घरातली हवा शुद्ध होते का?

त्यासाठी लावू नका. घरातल्या झाडांबद्दलचा तो समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगांपासून पसरला, पण ते प्रयोग हवाबंद पेट्यांत झाले होते. उघड्या खिडक्यांच्या घरात चार कुंड्यांनी मोजण्याजोगा फरक पडत नाही.

२१. आंबोलीला रस्त्याकडेला सुंदर नेचे दिसतात. एखादा आणला तर?

आणू नका. घाटातल्या धुक्यातले नेचे किनाऱ्याच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत, मी लोकांकडे ते मेलेलेच पाहिले आहेत. वृक्षनेच्यांना तर हातही लावू नका. त्यांच्यातल्या सायाथिया या प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे.

२२. मे महिन्यात सगळा नेचा वाळला. काढून टाकू की थांबू?

थांबा. वाळकी पाने बुडापासून दोन बोटे सोडून कापा. गड्डा दाबून पाहा: कडक असेल तर जिवंत आहे, भुसभुशीत होऊन चुरगळला तर गेला. गावठी असेल तर मातीतला एखादा गोळा फोडा. आत ओलसर असेल तर आशा आहे. कुंडी सावलीत ठेवा, माती जेमतेम ओलसर राखा, खत देऊ नका. मृगानंतर तीन आठवडे वाट पाहा. एवढ्यात एकही गुंडाळी वर आली नाही तर कुंडी मोकळी करा आणि ती माती दुसऱ्या झाडाला वापरा.